‘सगळ्या मशीनवर टाकून घे’

ऑफिसातल्या संगणकांवरच्या प्रोग्रॅमबद्दल काही अडचण असेल तर कळवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. मला वाटलं होतं मालकमंडळी विचारतील, परवाने किती घ्यावे लागतात, स्वस्तात काय पडतं. पत्रं आली ती बहुतेक कामाला असणाऱ्यांची. कुणी अकाउंटंट, कुणी नकाशे काढणारी मुलगी. आणि पत्रांत एकच वाक्य फिरून फिरून येतं: साहेब म्हणाले, टाकून घे. त्यांतली पाच इथे घेतली आहेत. नावं कुणाचीच छापत नाही.

इचलकरंजीहून एक वाचक: ताई, मी एका सूत व्यापाऱ्यांच्या पेढीवर अकाउंट्स बघतो. हिशेबाचं सॉफ्टवेअर मालकांनी एका मशीनपुरतं विकत घेतलंय, बिल आहे. आता पेढीवर चार मशीन आहेत. उरलेल्या तीनवर मालकांनी एका मुलाकडून क्रॅक, म्हणजे परवान्याचं कुलूप तोडलेली प्रत, आणवलं आणि माझ्याकडून टाकून घेतलं. मागच्या आठवड्यात कंपनीचा ईमेल आला, तुमच्याकडच्या परवान्यांची माहिती द्या म्हणून. मालक म्हणतात, ‘एकदा पैसे मोजलेत, मशीन आपली, पेढी आपली, भिऊ नको.’ उद्या काही झालं तर पकडतील कुणाला?

तुमचा शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण झोप त्यानंच उडाली असणार. कायदा दोघांनाही धरू शकतो.

कॉपीराइट कायदा १९५७ सालचा. त्यात कलम ६३-ब आहे, ते खास संगणकाच्या प्रोग्रॅमसाठी. प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही ती संगणकावर वापरणं, एवढाच तो गुन्हा. शिक्षा कमीत कमी ७ दिवस, जास्तीत जास्त ३ वर्षं कैद, आणि दंड ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत. वापर फायद्यासाठी किंवा धंद्यासाठी नसेल, तर कोर्ट कैद टाळून ५० हजारांपर्यंतच्या दंडावर सोडू शकतं. पेढीवरचा वापर धंद्याचाच, तेव्हा ती सवलत तुम्ही धरून चालू नका. मालकांसाठी कलम ६३ आहे: कॉपीराइटचा भंग जाणूनबुजून करणारा आणि त्याला साथ देणारा, दोघेही त्यात येतात. पेढी भागीदारीची असेल, तर कलम ६९ प्रमाणे कारभार बघणारे भागीदारही जबाबदार. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं आहे की कलम ६३चा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. फौजदाराच्या हुद्द्याचा अधिकारी वॉरंट नसतानाही बेकायदा प्रती जप्त करू शकतो.

प्रत्यक्षात कंपन्या आधी पेढीच्याच मागे लागतात, कारण नुकसानभरपाई तिथूनच मिळायची असते. पण ‘माहीत होतं का?’ हा प्रश्न निघाला की तुमचं काय? क्रॅक कुठून आलं हे तुम्हाला माहीत आहे, टाकलं तुम्ही, आणि त्या मशीनवर लॉगिन तुमच्या नावाचं. ‘मालकांनी सांगितलं’ यानं दोष हलका होईल, पुसला जाणार नाही. पगारावरच्या माणसानं पेढीच्या बचतीसाठी हा धोका अंगावर घ्यावा, हे मला सहन होत नाही. म्हणून एक काम आजच करा. मालकांना व्हॉट्सअॅपवर साधा, नम्र निरोप पाठवा. भांडणाचा सूर नको. असा: ‘शेठ, हिशेबाच्या सॉफ्टवेअरचा आपला परवाना एका मशीनचा आहे. बाकी तीन मशीनवरचं काढून टाकावं आणि जादा परवाना घ्यावा असं मला वाटतं. आपण सांगाल तेव्हा डीलरशी बोलतो.’ बस. या चार ओळींनी झालेलं पुसलं जात नाही, पण इथून पुढे तुमचं म्हणणं काय होतं याची तारीख राहते.

‘एकदा पैसे मोजलेत’ या म्हणण्याबद्दल. १९८४च्या दुरुस्तीनं आपल्याकडे संगणकाचा प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जाऊ लागला. कवितासंग्रह आणि हिशेबाचं सॉफ्टवेअर कायद्याच्या एकाच घरात राहतात. कवितासंग्रह विकत घेतला की ती प्रत तुमची, पण त्याच्या तीन प्रती छापून घ्यायचा हक्क कवीकडेच राहतो. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं परदेशी सॉफ्टवेअरवरच्या कराच्या प्रकरणात हाच फरक सांगितला: प्रत विकत घेणं वेगळं, कॉपीराइट विकत घेणं वेगळं. मालकांनी पैसे मोजले ते एका मशीनवर वापरायच्या परवानगीचे.

आता तो ईमेल. क्रॅक देणारा मुलगा सांगेल की रातोरात सगळी मशीन फॉरमॅट करून टाका. ऐकू नका. आधी चारही मशीनवरच्या हिशेबाचा बॅकअप घ्या. तो डेटा पेढीचा आहे, त्यावर सॉफ्टवेअर कंपनीचा हक्क नाही. मग तीन मशीनवरचा वापर थांबवा आणि डीलरला बोलवा. टॅलीसारख्या प्रोग्रॅमात एका मशीनचा परवाना वेगळा आणि एका ऑफिसच्या नेटवर्कवरच्या अनेक मशीनचा वेगळा असतो. चार मशीनना दुसरा घेणं चार सुटे परवाने घेण्यापेक्षा बहुधा परवडतं. उत्तरात खोटा आकडा लिहू नका, आणि ते मालकांच्या सहीनं जाऊ द्या, तुमच्या नाही. अशा पत्रव्यवहाराचा शेवट बहुतेक वेळा परवाने विकत घेण्यात होतो. टाळाटाळ केली तर मात्र कंपनी दिवाणी कोर्टात जाते, कोर्ट कमिशनर नेमतं, आणि कमिशनर जाणकार माणूस बरोबर घेऊन पेढीवर येऊन प्रत्येक मशीन तपासतो. ते दृश्य मी पाहिलं आहे. सगळ्यात आधी ऑपरेटरलाच खुर्चीवरून उठवतात.

रत्नागिरीहून: मी एका आर्किटेक्टकडे ड्राफ्टिंग करते. कॉलेजच्या ईमेलवर मिळालेली नकाशाच्या सॉफ्टवेअरची विद्यार्थी आवृत्ती माझ्या लॅपटॉपवर आहे, सरांची कामं त्यातच करते. फुकट मिळाली आहे म्हणजे कायदेशीरच ना?

शिकण्यापुरती कायदेशीर, सरांच्या कामासाठी नाही. ऑटोकॅडच्या विद्यार्थी आवृत्तीत काढलेला नकाशा छापला की एके काळी त्याच्या चारही कडांना तसा शिक्काच उमटायचा. शिक्का गेला तरी अट आहेच. परवाना तुमच्या नावावर, लॅपटॉप तुमचा, नफा सरांचा: या मांडणीत तुमचाच तोटा आहे. सरांकडे ऑफिसचा परवाना मागा.

साताऱ्याहून एक आई: मुलगा पुण्यात कंपनीत प्रोग्रॅमर होता. राजीनामा देऊन घरी आला तेव्हा तीन वर्षांत लिहिलेले सगळे प्रोग्रॅम पेन ड्राइव्हवर घेऊन आला. म्हणतो, ‘आई, प्रत्येक ओळ मी लिहिलीय.’ रात्र रात्र जागून लिहिताना मी त्याला पाहिलं आहे. तरी मला धाकधूक वाटते.

तुमची धाकधूक खरी आहे. त्याची मेहनतही खरी आहे, तिच्याबद्दल मला आदर आहे. पण कलम १७ सांगतं की नोकरीत, नोकरीचं काम म्हणून लिहिलेल्या कृतीचा पहिला मालक नोकरी देणारा असतो. वेगळा करार असेल तरच निराळं. रात्री जागून लिहिलं, घरी बसून लिहिलं, यानं फरक पडत नाही. लेखक तो आहे, मालक कंपनी आहे. त्यातून नेमणुकीच्या पत्रात गुप्ततेचं कलम असतं, ते राजीनाम्यानंतरही लागू राहतं.

त्यानं ते नव्या नोकरीत वापरू नये, गिटहबसारख्या कोड ठेवायच्या साइटवर चढवू नये, मित्राला दाखवू नये. नोकरी नुकतीच सोडली असेल तर जुन्या वरिष्ठांना सरळ लिहावं: हस्तांतर करताना माझ्याकडे काही फाइली राहून गेल्या आहेत, परत करू की नष्ट करू? आणि सांगतील तसं करावं. आपणहून सांगणाऱ्याकडे कंपन्या वेगळ्या नजरेनं बघतात. जे कौशल्य त्यानं मिळवलं, एखादा प्रश्न कसा सोडवायचा हे जे कळलं, ते त्याचंच. तेच काम नव्यानं, कोऱ्या फाइलीत, आपल्या डोक्यानं लिहायला त्याला या कायद्यानं कुणी अडवू शकत नाही. कॉपीराइट लिहिलेल्या ओळींवर असतो, कल्पनेवर नसतो.

म्हापशाहून: मी एकटाच काम करतो, कुणाचा नोकर नाही. कळंगुटच्या एका हॉटेलवाल्यांना खोल्यांचं बुकिंग आणि बिलिंग यांचं सॉफ्टवेअर चाळीस हजारांत करून दिलं. लेखी काही नाही, सगळं तोंडी. आता कळलं की त्यांनी ते आपल्या दोन चुलतभावांच्या हॉटेलांत बसवलं. विचारलं तर म्हणतात, ‘पैसे दिले, आता ते आमचं.’ माझ्या हातात काही आहे का?

आहे, आणि भरपूर आहे. हे पत्र वाचून मला बरं वाटलं, कारण कॉपीराइट म्हणजे मोठ्या परदेशी कंपन्यांचं हत्यार, असं आपल्याकडे धरून चालतात. हा कायदा म्हापशात एकट्यानं बसून प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही तितकाच आहे.

तुम्ही हॉटेलचे नोकर नव्हता. त्यामुळे वर साताऱ्याच्या बाईंना सांगितलेलं कलम तुम्हाला लागत नाही. पैसे घेऊन बाहेरून करून दिलेल्या प्रोग्रॅमचा कॉपीराइट लिहिणाऱ्याकडेच राहतो. तो दुसऱ्याला द्यायचा तर कलम १९ प्रमाणे लेखी करार हवा, देणाऱ्याची सही हवी. चाळीस हजार दिले म्हणून, तोंडी ‘सगळं तुमचं’ म्हटलं म्हणून, तो हलत नाही. पुढच्या कामासाठी हेही लक्षात ठेवा: लेखी करार केला पण मुदत लिहिली नाही, तर कायदा ५ वर्षं धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत.

हॉटेलवाल्यांचेही हक्क आहेत. ज्या कामासाठी दिलं त्या कामाला ते त्यांना वापरता येतं, आणि मशीन बिघडलं तर हाती असावी म्हणून बॅकअपची प्रत करता येते. कलम ५२ त्यांना तेवढी मुभा देतं. चुलतभावांची हॉटेलं त्या मुभेत बसत नाहीत.

करायचं असं. आधी पुरावा गोळा करा: कोडच्या फाइली, त्यांच्या तारखा, हॉटेलवाल्यांशी झालेले मेसेज, चाळीस हजार खात्यात आले त्याची नोंद. मग वकिलांमार्फत नोटीस, पण तिच्यात दरवाजा उघडा ठेवा: दोन हॉटेलांचे दोन परवाने इतक्या रकमेत घ्या, मिटवू. गोव्याच्या हॉटेलधंद्यात सगळे सगळ्यांना ओळखतात, तुम्हाला तिथेच पुढचीही कामं करायची आहेत. कॉपीराइट मिळायला नोंदणी लागत नाही, तो लिहिता क्षणीच तुमचा होतो. पण भांडणात नोंदणीचा दाखला फार उपयोगी पडतो. अर्ज ऑनलाइन होतो. प्रोग्रॅमसाठी मूळ कोडची पहिली १० आणि शेवटची १० पानं तरी जोडावी लागतात, आणि त्यांत एकही ओळ काळी करून चालत नाही. अख्खा कोड २० पानांहून कमी असेल तर सगळाच द्यावा लागतो.

बार्शीहून एक छापखानेवाले: आमचा छोटा छापखाना, लग्नपत्रिका आणि बिलबुकं. मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर रीतसर विकत घेतलं, सोबत लॉक मिळालं, ते संगणकाला लावलं तरच सॉफ्टवेअर उघडतं. ते आता चालत नाही. लॉक तोडलेली आवृत्ती पाचशे रुपयांत बसवून देणारा एक जण आहे. आम्ही तर पूर्ण पैसे भरलेले ग्राहक आहोत. मग ती बसवली तर गुन्हा कसला?

तुमचं पत्र मी सगळ्यात शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर मला माझ्या हातांनी माहीत आहे.

वकील होण्याआधी मी सोलापुरात एका छापखान्यात डीटीपी ऑपरेटर होते. तेव्हाचं लॉक काडेपेटीएवढं, संगणकाच्या मागे प्रिंटरच्या पोर्टमध्ये बसवायचं, आणि प्रिंटरची केबल त्याच्यावर स्क्रूनं आवळायची. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. आमचे मालक, आम्ही त्यांना काका म्हणायचो, रोज रात्री ते काढून शर्टाच्या खिशात घालून घरी न्यायचे. १९९९च्या मार्चमध्ये टेबल सरकवताना केबल ओढली गेली आणि लॉकच्या पिना वाकल्या. काकांनी कंपनीला पत्र लिहिलं. पण त्या वर्षी ज्येष्ठ अधिक होता, मेच्या मध्यापासून महिनाभर मुहूर्त नव्हते. सगळी लग्नं त्याच्या आधी उरकायची, त्यामुळे पत्रिकांचा ढीग. उत्तर यायची वाट बघायला कुणाला वेळ? काकांच्या पुतण्यानं बाजारातून एक सीडी आणली. कागदी पाकीट, वर मार्करनं लिहिलेलं नाव. ती ड्राइव्हमध्ये मी घातली.

महिनाभर झकास चाललं. २६ एप्रिलला, सोमवारी सकाळी, मी मशीन सुरू केलं. पंखा फिरला, पडदा काळाच राहिला. दुसरं मशीनही तसंच. त्या दिवशी आशियाभर असंख्य संगणक असेच मेले. चेर्नोबिल म्हणून ओळखला जाणारा व्हायरस होता तो. विंडोज ९५ आणि ९८च्या प्रोग्रॅम फाइलींत दडून बसायचा, आणि २६ एप्रिल उजाडला की हार्ड डिस्कची सुरुवातच पुसून टाकायचा. काही मशीनचा बायोससुद्धा, म्हणजे मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्रॅम, जायचा. चोरीच्या सीड्यांवरून तो गावोगाव पोचला होता. आमच्याकडे बाहेरून आलेली सीडी तेवढी एकच.

मुलीचे एक वडील त्या दिवशी प्रूफ घ्यायला आले होते. आदल्या प्रूफावर त्यांनी स्वतःच्या हातानं लाल शाईत ‘चि. सौ. कां.’ दुरुस्त करून आणलं होतं, कडेला मामांची नावं वाढवली होती. फाइल गेली आहे हे त्यांना मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, बाकावर बसून राहिले. आम्ही दुसऱ्या एका छापखान्यातलं मशीन रात्रीपुरतं भाड्यानं घेतलं, आणि हाती असलेल्या कागदी प्रुफांवरून मी एकेक पत्रिका पुन्हा बसवली. काही पत्रिका तीन दिवस उशिरा गेल्या. काका मला एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं.

आता कायदा. तुमची बाजू लंगडी नाही, हे मान्य. रीतसर विकत घेतलेल्या प्रोग्रॅमची बॅकअप प्रत करायला कलम ५२ परवानगी देतं, प्रत हरवली, बिघडली तर असावी म्हणून. २०१२च्या दुरुस्तीनं आलेलं कलम ६५-अ कुलूप तोडणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद सांगतं, पण कॉपीराइट मोडायच्या हेतूनं तोडलं असेल तरच. तुमचा हेतू तो नाही. पण पाचशे रुपयांत मिळणारी ती प्रत तुमच्या सीडीचा बॅकअप नाही. कुणीतरी परवानगी नसताना केलेली आणि गावभर विकलेली प्रत आहे ती. विकणारा सरळ गुन्हेगार आहे, आणि त्याच्याकडून घेतल्यावर तुम्ही आपल्या चांगल्या बिलाची किंमत स्वतःच कमी करता. उद्या कुणी तपासायला आलं तर बिल एका आवृत्तीचं दाखवाल आणि मशीनवर सापडेल दुसरी. शिवाय त्या प्रतीत आणखी काय भरलंय, हे त्या विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं.

तेव्हा बिल काढा, लॉकवरचा नंबर उतरवून घ्या, दोन्हींचे फोटो काढून कंपनीला ईमेल करा आणि बदली लॉक मागा. काही शुल्क पडेल, ते द्या. तोवर नवी कामं थांबवायची गरज नाही. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींनी केलेले ‘मुक्त’ आणि ‘बालू’ हे फॉन्ट खुल्या परवान्यावर आहेत, धंद्याच्या छपाईलाही चालतात, एक रुपया लागत नाही. चित्रं काढायचा इंकस्केप किंवा पानं जुळवायचा स्क्रायबस हे प्रोग्रॅमही तसेच, ऑफिसच्या कितीही मशीनवर टाका. बालूचं अक्षर जाडजूड आहे, पत्रिकेच्या मथळ्याला चांगलं दिसतं. मजकुराला मुक्त घ्या. एवढं मात्र ध्यानात ठेवा की तुमच्या जुन्या फाइली जुन्या फॉन्टच्या सांकेतिक मांडणीत असतील, तर त्या युनिकोडमध्ये, म्हणजे या नव्या फॉन्टच्या सगळीकडे चालणाऱ्या मांडणीत, थेट वाचता येणार नाहीत, आधी रूपांतर करावं लागेल. गणपतीच्या वर्गणीची पावतीबुकं, दिवाळीची शुभेच्छापत्रं अशी कामं युनिकोडमध्ये नव्यानंच बसवायला घ्या, म्हणजे लग्नसराईपर्यंत हात बसेल.

आणि बिघडलेलं लॉक फेकू नका. कागदात गुंडाळून बिलाच्या फाइलीत ठेवा, बदली देताना कंपनी बहुधा तेच परत मागेल.